अर्धा मीटर मखमल

"काळी मखमल आहे?" तिने विचारलं.

"आहे. किती देऊ?"

"तीन मीटर."

"मलाही तीनच," शेजारून कोणीतरी म्हणालं. "आणि काळीच."

कापडवाल्याने चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं, वरच्या फळीवरून तागा ओढला आणि काउंटरवर टाकून मोजला. साडेपाच मीटर भरला. "एवढीच आहे बघा. पुढचा माल यायला महिना लागेल. काय ते तुम्ही दोघं ठरवा," असं म्हणून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. कान मात्र त्याने इकडेच ठेवले होते.

तिने मान वळवली. उंच, जरा वाकून उभं राहायची सवय असलेला माणूस. नखांच्या कडेला कसलीशी लाल पूड बसलेली. डोळे मात्र आत्ताच धुऊन पुसून ठेवल्यासारखे स्वच्छ.

"नाटकाचा पडदा शिवायचाय का?" त्याने विचारलं.

"नाही. अंधार करायचाय."

"दिवा मालवला की होतो की."

"तसला नाही हो. अगदी... पुरता अंधार. साधं काळं कापड उजेडात चमकतं. मखमल उजेड पिऊन टाकते."

तो तिच्याकडे बघतच राहिला. "हे ठाऊक असलेलं माणूस मला पहिल्यांदाच भेटतंय. मी भिंगं घासतो. एका दुर्बिणीच्या नळीला आतून अस्तर लावायचंय. माझ्या उस्तादांनाही मी हेच सांगत होतो, तर ते म्हणाले, काळा रंग फास आणि मोकळा हो!"

आता इथे तिने काय करायला हवं होतं? तीन मीटर मागून घ्यायला हवे होते. सांगितल्या कामातलं सूतभरही कमी न करणारी मुलगी म्हणून ती तिच्या संस्थेत ओळखली जायची. पण ते डोळे समोर होते, आणि तिची जीभ तिच्या हातात राहिली नाही.

"तुम्ही तीन घ्या," ती म्हणाली. "मी अडीचात भागवीन."

"अहो, पण—"

"भागेल."

पुडकं काखेत मारून ती दुकानाबाहेर पडली, तेव्हा तिचे दोन्ही कान तापले होते. नाव विचारलं नाही, काम विचारलं नाही, आणि अर्धा मीटर मखमल देऊन बसले! वेडेपणाला काही सुमार? तिने स्वतःलाच चांगलं झापलं, आणि घरी पोहोचेपर्यंत तीनदा हसली.

*

ती ज्या संस्थेत काम करायची, तिच्या सहाव्या मजल्यावरच्या एका खोलीला सगळे अंधारखोलीच म्हणायचे. रस्त्यापलीकडे रुग्णालय होतं. रुग्णालयातली रोग्यांची कागदपत्रं संस्थेच्या मोठ्या संगणकात साठवली जायची, आणि ती वाटेत कोणाच्या हाती लागू नयेत म्हणून हा सगळा खटाटोप चालला होता.

"क्वांटम संगणक आज रांगतोय," खात्याच्या प्रमुख बाई सगळ्यांना सांगायच्या. "उद्या तो पळायला लागला, की आजची आपली सांकेतिक कुलपं त्याच्यापुढे मेणाची ठरतील. तो पळायच्या आत आपलं नवं कुलूप तयार हवं."

नवं कुलूप असं, की रुग्णालयाच्या गच्चीवरच्या पेटीतल्या दुर्बिणीतून प्रकाशाचा एकेक कण सुटायचा, रस्ता ओलांडायचा आणि अंधारखोलीच्या भिंतीतून डोकावणाऱ्या दुर्बिणीत शिरून मागच्या, मखमलीने मढवलेल्या डबीत मोजला जायचा. त्या कणांच्या रांगेवरून दोन्ही टोकांना एकच गुप्त किल्ली तयार व्हायची. हा कण मोठा लाजरा. वाटेत कोणी त्याला चोरून पाहिलं, की तो बदललाच म्हणून समजा. मग इकडे चुका वाढतात आणि कळतं, की मध्ये कोणाची तरी नजर आहे. शंभरांत तीन-चार चुका चालायच्या. अकराच्या वर गेल्या, की ती किल्ली टाकून द्यायची. रात्रीच्या काळोखात हे साधणारे जगात पुष्कळ झाले होते. बाईंना ते भर दिवसा, उन्हात साधायचं होतं, कारण रुग्णालय काही रात्रीपुरतं चालत नाही.

पहिल्या चाचणीच्या दिवशी अंधारखोलीतला फोन वाजला. तारेचा, जुना, फक्त समोरच्या गच्चीशी जोडलेला.

"हॅलो, अंधारखोली," ती म्हणाली.

"गच्ची बोलतोय. पेटी लावलीय. दुर्बीण तुमच्या भोकावर बरोबर..." आवाज थांबला. मग हळूच म्हणाला, "अडीच मीटर?"

तिच्या हातातली पेन्सिल खाली पडली. "तीन मीटर?"

"म्हणजे तो अंधार माझ्याच उजेडासाठी होता की!"

तिला जे सुचत होतं ते संस्थेच्या फोनवर बोलण्यासारखं नव्हतं.

त्या दिवसापासून ती त्याला 'गच्ची' म्हणू लागली आणि तो तिला 'अंधारखोली'. रोज अकराला चाचणी सुरू व्हायची. आधी दोघांनी मिळून दुर्बीण नेमकी जुळवायची, आणि जुळवता जुळवता बोलायचं.

"जरा डावीकडे... अजून... हं, थांबा. गेलात पुढे."

"तुम्ही थांबा म्हणालात की मी थांबतो. पण तुम्ही उशिरा म्हणता."

"मी वेळेवर म्हणते. तुम्ही उशिरा ऐकता."

"तुमचा आवाज ऐकण्यात वेळ जातो, त्याला मी काय करू?"

"गच्ची, कामाचं बोला."

"बोलतोच आहे. कबुतरं आलीत, सात. एक तर पेटीवरच ठाण मांडून बसलंय. ठेवू फोन?"

अकरा वीसला दुर्बिणी जुळलेल्या असायच्या आणि यंत्र आपलं आपण मोजत बसायचं. तेव्हा तो डोक्यावर टोपी चढवून गच्चीभर कबुतरं हाकत फिरायचा. आणि तिने एके दिवशी, उगीचच, खिडकीच्या जाड पडद्याची कड दोन बोटं बाजूला केली.

समोर ऊन होतं. टोपी हलवत, कबुतरांशी काहीतरी तावातावाने बोलत तो चालला होता. एक कबुतर उडालं तर त्याने त्याला वाकून नमस्कार केला. ती तोंडावर हात दाबून हसली आणि पडदा सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. दहा मिनिटं, जास्त नाही. खोलीच्या दारावर कागद चिकटवलेला होता, 'चाचणी चालू असताना पडदा हलवू नये'. तो तिनेच लिहिला होता, सुवाच्य अक्षरात, खाली दोन रेघा मारून. रोज पडद्याला हात लावताना तो कागद तिला आठवायचा आणि मनात लाज वाटायची. मग ती स्वतःची समजूत घालायची, की कण मोजणारी डबी तर बंद आहे, दोन बोटांच्या फटीने काय होतंय!

डबी बंद होती हे खरं. तिच्या मागच्या सांध्यावर मखमल लावायची होती, पण नेमकी तेवढीच कमी पडली होती. तिथे तिने काळा कागद चिकटवला होता.

*

चुका वाढल्याचं पहिल्यांदा लक्षात आलं ते दुसऱ्या आठवड्यात. हिशेब चाचणी संपल्यावर छापून यायचा, आणि त्यात अकरा वीस ते साडेअकरा एवढ्याच वेळात चुका चौदा टक्क्यांवर जात होत्या. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, चाचणीचे सलग नऊ दिवस. नऊ किल्ल्या फेकून द्याव्या लागल्या.

"ठरावीक वेळी येतो आणि ठरावीक वेळी जातो," बाई कागद बघत म्हणाल्या. "हे हवामान नव्हे, माणूस आहे. कोणीतरी वाटेत हात घालतंय. मला लेखी टिपण हवं. त्या वेळी कोण कुठे असतं, सगळं. आजच."

ती लिहायला बसली. शेजारच्या टेबलावरचा संगणकवाला सहकारी खुर्ची फिरवून म्हणाला, "गच्चीबद्दल लिहिताना हात थरथरेल हं तुमचा! फोनवर काय ते हसणं, काय ते लाजणं..."

खोलीतले दोघंतिघं हसले. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे सगळ्यांना दिसतं! म्हणजे आपण कामात भावना मिसळतो असं हे समजतात! आपण कोणाचीही भीड ठेवत नाही हे दाखवायच्या हट्टाने तिने लिहिलं, "सदर वेळी पेटीजवळ गच्चीवरील तंत्रज्ञाखेरीज कोणीही नसते. त्या वेळी ते नेमके काय करतात, याची खात्रीलायक माहिती उपलब्ध नाही."

दुसरं वाक्य लिहून झाल्यावर पेन जरा अडलं. त्या वेळी तो काय करतो? अख्ख्या जगात ही खात्रीलायक माहिती कोणाला असेल तर ती तिलाच होती. टोपी उजव्या हातात असते, पेटीला दोन फेऱ्या होतात, मग तो कठड्याला टेकतो आणि सफरचंद शर्टाला पुसून खातो. हे सगळं तिला पाठ होतं. पण लिहायचं कसं? कसं ठाऊक, असं कोणी विचारलं तर?

तिने खाली सही केली आणि टिपण बाईंच्या टेबलावर ठेवून दिलं.

दुसऱ्याच दिवशी दुपारी फोन वाजला.

"अंधारखोली, मला उद्यापासून येऊ नका म्हणालेत." आवाजातली मिश्किली पार उतरली होती. "सोमवारी चौकशी आहे. मी पेटीत काहीतरी बसवून किल्ल्या चोरतो, असा संशय आहे म्हणे. उस्ताद म्हणाले, नाव खराब झालं तर कार्यशाळेतही ठेवता येणार नाही. तुमच्याकडून कसलासा कागद गेलाय..."

तिने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"अकरा वीसला मी कबुतरं हाकतो," तो हळूच म्हणाला. "एवढं तरी कोणाला ठाऊक असेल ना हो?"

"मला... बाई बोलावताहेत," ती म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

कोणीही बोलावत नव्हतं.

*

तो गेला आणि चुका तीनवर आल्या. पहिल्या दिवशी तीन, दुसऱ्या दिवशीही तीन. गच्चीवर आता रुग्णालयाचा पहारेकरी पेटीशेजारी खुर्ची टाकून पेंगत बसायचा.

"बघा, मी म्हणत नव्हतो?" संगणकवाला म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या. तिनेही डोलावली. म्हणजे तो खरंच चोर होता? तिचं मन हो म्हणेना आणि आकडे नाही म्हणू देईनात. बाईंनी मात्र सावधपणे आणखी एक व्यवस्था करवली. चुकांचा आकडा क्षणाक्षणाला दिसावा म्हणून अंधारखोलीत आकडे दाखवणारा एक छोटा फलक बसवून घेतला, अकराच्या वर आकडा गेला की भोंगा वाजेल असा. चोर पुन्हा आला तर रंगेहाथ सापडेल.

तिसऱ्या दिवशी, अकरा वीसला, ती सवयीने खिडकीशी गेली. तिकडे बघण्यासारखं काही नाही हे माहीत होतं. तरीही वाटलं, तो टेकायचा तो कठडा तरी बघावा. तिने पडद्याची कड दोन बोटं बाजूला केली.

मागे भोंगा वाजला.

ती दचकून वळली. पडदा हातातून सुटला. फलकावरचा आकडा चौदा होता, आणि बघता बघता घसरून तीनवर आला.

तिने पुन्हा पडदा उचलला. चौदा. सोडला. तीन. उचलला. चौदा. उन्हाची एक बारीक रेघ जमिनीवरून सरळ डबीच्या मागच्या सांध्यापर्यंत जात होती, त्या काळ्या कागदापर्यंत. पाच वेळा तिने करून पाहिलं. शास्त्रज्ञ होती ना! पाचही वेळा उत्तर एकच आलं.

वाटेत कोणाची तरी नजर होती हे यंत्र पहिल्या दिवसापासून खरंच सांगत होतं. ती नजर तिची होती.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक का म्हणतात ते तिला त्या दिवशी कळलं. चोरून बघायचं आपण, किल्ल्या बिघडवायच्या आपण, आणि वर त्याच्याच विरुद्ध सही करून कागद द्यायचा!

घरी वहिनीने ताट वाढलं, ते तसंच राहिलं. वहिनीने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा भाऊ बाहेर गेल्यावर दार लोटून विचारलं, तेव्हा तिने सगळं सांगितलं. कापडाच्या दुकानापासून.

वहिनी आधी गालातल्या गालात हसत होती. कागदाचं ऐकलं तसं तिचं हसू मावळलं.

"दोन बोटं पडदा उचललास त्याचं काही नाही गं. वय आहे, डोळे आहेत. पण त्या माणसाच्या पोटावर पाय आणलास तू."

"मी सांधा बुजवून टाकते. तांत्रिक दोष होता, असं लिहिते. त्याच्यावरचा आळ जाईल."

"आणि तुझ्या बाई विचारणार नाहीत? रोज अकरा वीसलाच कसा गं तुझा दोष जागा होत होता?"

बाई विचारणार होत्या. पहिला प्रश्न तोच विचारणार होत्या.

"वहिनी, मला नाही जमणार. सगळ्यांच्या समोर... त्याच्या समोर! कुठल्या तोंडाने सांगू?"

"ज्या तोंडाने कागद दिलास त्याच," वहिनी म्हणाली, आणि मग तिच्या पाठीवरून हात फिरवत बसली.

*

सोमवारी बैठकीच्या खोलीत टेबलाच्या एका बाजूला बाई आणि रुग्णालयाचे व्यवस्थापक होते. टोकाशी ती आणि संगणकवाला, दुसऱ्या बाजूला उस्ताद आणि तो. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. नखांतली लाल पूड खरवडून काढलेली दिसत होती, आणि का कोण जाणे, ते पाहून तिच्या काळजात चर्र झालं. त्याने एकदाही तिच्याकडे पाहिलं नाही.

व्यवस्थापकांनी तिचं टिपण मोठ्याने वाचलं. 'खात्रीलायक माहिती उपलब्ध नाही' हे शब्द दुसऱ्याच्या तोंडून फार थंड वाटत होते.

"त्या वेळी तुम्ही काय करत होता?" त्यांनी त्याला विचारलं.

"कबुतरं हाकत होतो."

"ते कोणी पाहिलंय? साक्षीला कोणी आहे?"

तो आपल्या बुटांकडे बघत क्षणभर थांबला. "नाही," तो म्हणाला. "कोणी पाहिलेलं नाही."

ती उठून उभी राहिली. खुर्ची कर्रकन वाजली आणि सगळे वळले.

"मी पाहिलंय," ती म्हणाली.

"काय?" बाईंनी विचारलं.

"ते कबुतरं हाकतात. टोपीने. पेटीला दोन फेऱ्या मारतात आणि मग सफरचंद खातात. पेटीला बोटही लावत नाहीत. मी... मी पडद्याच्या फटीतून बघते. मी पडदा बाजूला केला की ऊन आत येतं आणि डबीच्या सांध्यावर पडतं. तिथे मखमल नाही, कागद आहे. चौदा टक्के त्यानेच होतात. पाच वेळा मोजून पाहिलंय, हे आकडे." तिने कागद पुढे सरकवला. हात थरथरत होता, आणि थरथरलेला सगळ्यांना दिसत होता.

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"रोज बघायचात?"

"रोज." मग खरं ते पुरतं सांगावं म्हणून ती म्हणाली, "शनिवार सोडून. शनिवारी ते येत नाहीत."

उस्तादांना जोराचा ठसका लागला. तो ठसका होता की हसू, हे त्यांनी रुमालाआड लपवलं. संगणकवाला छताकडे बघत होता. तिचा चेहरा कानशिलांपासून गळ्यापर्यंत पेटला होता.

"आणि हे वाक्य?" बाईंचं बोट टिपणावर होतं. "माहिती उपलब्ध नाही, हे?"

"ते खोटं आहे," ती म्हणाली. "मला ठाऊक होतं. कसं ठाऊक ते सांगायची लाज वाटली, आणि लोक हसतील म्हणून मी त्यांच्यावर ढकललं. डोळे माझे चुकले त्याचं एवढं नाही. पण हे मी जाणूनबुजून लिहिलं. याची मला... फार शरम वाटते."

बाईंनी टिपण उचललं, मधोमध फाडलं आणि व्यवस्थापकांकडे वळून म्हणाल्या, "तुमचा माणूस निर्दोष आहे. माझ्या माणसाचं मी बघून घेते."

तो उठला. उस्तादांच्या मागोमाग दाराशी गेला, आणि तिच्याकडे न बघता निघून गेला.

*

बाईंनी बघून घेतलं ते असं, की नऊ फेकलेल्या किल्ल्यांच्या चाचण्या पुन्हा पहिल्यापासून करायच्या, आणि झालेल्या चुकीचं नवं टिपण तिनेच लिहायचं, स्वतःच्या सहीने. जाता जाता म्हणाल्या, "डबीचे सांधे उन्हात तपासायचं कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. तेवढा तुमच्या नजरेचा उपयोग झाला म्हणायचा." ती हसेल असं त्यांना वाटलं असावं, पण तिला हसू फुटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच अंधारखोलीत तो काळा कागद नखाने खरवडत होती. फोन वाजला. तिने उचलला.

"गच्ची बोलतोय."

"तुम्ही... आलात?"

"आज लगेच चाचणी नको. आधी सांधा बुजवायला हवा."

"मखमल नाहीये माझ्याकडे. नवा माल आला का बघायला जाणार आहे."

"थांबा तिथेच," तो म्हणाला आणि फोन बंद झाला.

दहा मिनिटांनी दारावर टकटक झाली. तो बाहेर उभा होता, आणि आत यायचं सोडून दारावरचा कागद मोठ्याने वाचत होता. "चाचणी चालू असताना पडदा हलवू नये. खाली दोन रेघा. अक्षर तुमचंच ना?"

"माझंच," ती पुटपुटली. लाजेने मान वर होत नव्हती.

त्याने खिशातून घडी काढली आणि टेबलावर उलगडली. काळी मखमल. अर्धा मीटर.

"ही..."

"तुमचीच. नळीला अडीचच लागली. पहिल्याच दिवशी कळलं होतं मला. परत द्यायला हवी होती." आता तोही तिच्याकडे बघत नव्हता. "पण परत केली असती, तर तुमची आठवण म्हणून काय उरलं असतं? म्हणून दडवून ठेवली. तेव्हाच दिली असती तर हा सांधा बुजला असता आणि काहीच झालं नसतं. तेव्हा थोडी लाज माझ्याही वाट्याला ठेवा."

"नका हो असं म्हणू. कागद मी लिहिला."

"हो. तो तुम्ही लिहिलात." त्याने कात्री उचलली आणि खाली ठेवली. "आणखी एक सांगतो. पेटीच्या चहूबाजूंनी चमकत्या पट्ट्या टांगल्यापासून गच्चीवर कबुतर येत नाही. दुसऱ्या आठवड्यापासूनच."

"पण तुम्ही तर रोज टोपी घेऊन... कबुतरांकडे माझं लक्षच नव्हतं!"

"अकरा वीसला तुमचा पडदा दोन बोटं हलायचा. मला दिसायचं."

ती जागच्या जागी थिजली. म्हणजे त्याला ठाऊक होतं. काल साक्षीला कोणी आहे का विचारलं, तेव्हाही ठाऊक होतं. एका शब्दाने तो सुटला असता, आणि तो म्हणाला होता, कोणी पाहिलेलं नाही.

"का नाही सांगितलंत?" तिचे डोळे भरून आले. "मी तुमचं नाव कागदावर घातलं, आणि तुम्ही..."

"तुम्ही सगळ्यांसमोर मान खाली घालून उभ्या आहात, हे मला बघवलं नसतं. शेवटी बघावं लागलंच."

तिने डोळे पुसले. किती बोलायचं होतं, पण शब्द एकच हाती लागत होता. "चुकले मी. फार चुकले."

"राग आलाय मला," तो साधेपणाने म्हणाला. "अजून गेला नाही. जाईल. पण तो जाईपर्यंत बोलायचं बंद करू नका. काल उस्तादांच्या मागून निघून गेलो आणि रात्रभर वाटत राहिलं, एक गोष्ट ऐकायची राहिलीच."

"कोणती?"

"तुम्ही रोज का बघायचात, ते कोणी विचारलंच नाही."

खोलीत अंधार होता, आणि तिला तो पहिल्यांदाच सोयीचा वाटला. तरी तिने मान वर केली. जे बोलायचं ते त्या स्वच्छ डोळ्यांकडे बघून बोलायला हवं होतं. चोरून बघण्याने पुरे झालं होतं.

"मला तुम्ही आवडता," ती म्हणाली. "साऱ्या सभेला ते कळलं. तुम्हालाच सांगायचं राहिलं होतं."

त्याने मखमल डबीच्या सांध्यावर धरली, आणि ती दाबून धरायला हवीत म्हणून तिची बोटं हातात घेतली. काम पाच मिनिटांचं होतं. बराच वेळ लागला.

मग तो गेला. रस्ता ओलांडला, जिने चढला, आणि अकराला फोन करून म्हणाला, "अंधारखोली, जरा उजवीकडे." दुर्बिणी जुळल्या. यंत्र मोजू लागलं.

अकरा वीसला ती फोन हातात घेऊनच खिडकीशी गेली. दोन बोटं नाही, तिने पडदा चांगला हातभर बाजूला सारला. खोलीत ऊन शिरलं. समोर तो टोपी हातात घेऊन उभा होता. आसपास एकही कबुतर नव्हतं. त्याने टोपी हलवली आणि रिसीव्हर कानाला लावला.

"किती?" त्याने विचारलं.

तिने मागे वळून आकडा पाहिला. भोंगा गप्प होता.

"तीन," ती म्हणाली.

"मग बघ खुशाल."

ती बघत राहिली. मधेच एकदा त्याने पुन्हा विचारलं, आणि तिने वळून पाहून सांगितलं, "अजून तीनच आहे."